पावण्याचा चेहरा

१२ जानेवारी, सोमवार

मिळाला! स्लॉट मिळाला! चारातला तिसरा!

मी काम करते त्या दाखले-फॉर्मच्या दुकानात एक आजोबा मशीनवर अंगठा ठेवून बसले होते आणि मी ओरडले. ते दचकले, अंगठा हलला, सगळं परत करावं लागलं. दक्षा शेजारच्या टेबलावरून म्हणाली, "शुं थयुं? लॉटरी लागली?" मी म्हटलं, त्याहून मोठं!

निधी नागपूरची. ऑनलाइन प्राण्यांची चित्रं काढते, महिन्याला चौघांचीच. म्हणजे बघून नाही — आपल्या डोक्यातला प्राणी आपण सांगायचा. रंग, कान, स्वभाव, कपडे, सगळं. ती काढून देते आणि मग तो जगात फक्त आपला. दोन वर्षं मी नुसते दुसऱ्यांचे बघतेय. एकीचा चष्मेवाला बेडूक आहे. एकाचा सतत चिडलेला बगळा. आता माझा! ३१ तारखेपर्यंत सगळं लिहून पाठवायचं, नाहीतर स्लॉट रांगेतल्या पुढच्याला.

आईला सांगायचं नाही. अजिबात नाही.

१३ जानेवारी

का नाही, ते इथे तरी लिहिते.

आमच्या घरात आजी चित्रं काढायची, आई काढते, प्रविणदादा काढतो. गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. आमच्या गंजाडला उतरून कुणालाही विचारा, शुक्रीचं, म्हणजे आईचं, घर कुठलं. आईने काढलेले तारपा फुंकणारे मुंबईत एका हॉटेलाच्या भिंतीवर नाचतायत. आणि मी? मी गोल काढला की बटाटा होतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस होतो म्हणे — माझा माणूस जन्मापासून आजारी. दादा म्हणतो, "योगिता, तू आपली पीठ भिजव." भिजवते! पीठ माझ्यासारखं कुणी भिजवत नाही.

अशा घरातली पोरगी चित्रासाठी नागपूर गाठते. सांगू कसं?

१५ जानेवारी

प्राणी कोणता? तीन दिवस झाले, तेवढंच डोक्यात.

बिबट्या — सगळ्यांचा असतो. शिवाय वाघदेवाला जॅकेट घालून दोन पायांवर उभा केला तर आई मला घराबाहेर उभी करेल. मोर — फार सुंदर, मला त्याच्याशेजारी कसंतरी वाटेल. साळिंदर — काटे मोजायला लागले तर निधी पळून जाईल. दक्षा म्हणते मांजर घे. तिच्या घरी सात आहेत, तिला दुसरं सुचणार काय!

१७ जानेवारी

ठरलं!! उदमांजर!

सकाळी बाबा ताडावरून उतरले ते बडबडतच. मडकं अर्धं रिकामं. "पावणा येऊन गेला," म्हणाले. रोजचंच आहे. बाबा मडकं वर बांधतात, त्यात ताडी जमते, आणि बाबांच्या आधी हे उदमांजर येऊन पिऊन जातं. लहानपणापासून हे भांडण ऐकतेय आणि मला कधी सुचलं नाही! तोंडावर काळा पट्टा, जसा काही कुठे चोरी करायलाच निघालाय. लांब शेपूट. आणि थोडा झिंगलेला.

नाव शोधायलाही नको. पावणा.

२० जानेवारी

फॉर्म आला. मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. रेशन कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. बापाचं नाव काय, आजोबांचं काय, पटापट विचारते आणि लोक अडखळले की मनात वैतागते. आज स्वतः अडकले. "तुमच्या प्राण्याला कशाची भीती वाटते?" मला काय माहीत! "त्याला एकटं असताना काय करायला आवडतं?" अर्धा तास नुसती बसून. देवा, कुठल्याच गिऱ्हाइकावर परत कधी चिडणार नाही.

रंगाच्या रकान्यात लिहिलं — चिकूसारखा. निधीने लगेच विचारलं, आतून की बाहेरून? बरोबर आहे तिचं. दक्षाने वाडीतले चार चिकू आणून टेबलावर मांडले. कच्चा, अर्धा, पिकलेला, आणि एक "खाई ले हवे", म्हणजे आता खाऊनच टाक, असा. ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर चौघेही हिरवट. बाहेर उन्हात काढला तर पिवळे. आत येऊन बघते तर दुकानमालक मनिष शेठने पिकलेला खाऊन टाकला होता! नेमका तोच रंग हवा होता.

२२ जानेवारी

बाबांना आडून आडून विचारलं. ताडाखाली कोयता घासत बसले होते. मी म्हटलं, ते उदमांजर दिसतं कसं हो जवळून?

झालं! बाबा सुटलेच. तो कुठल्या फांदीवरून येतो (आंब्याच्या, रोज त्याच), आधी कुठलं मडकं हुंगतो, पिऊन झाल्यावर तोंड कसं पुसतो. "उजवा कान फाटलाय त्याचा. कुत्र्यानं धरला आसंल. दोन वरसं झाली." मी विचारलं, एवढं सगळं बघता तर हाकलत का नाही? बाबा कोयत्याकडे बघत म्हणाले, "हाकलतो की." मग कोयता परत घासायला घेत, "एक मडकं जरा खाली बांधतो मी. तेच पितो तो. बाकीची ऱ्हातात."

म्हणजे बाबा त्याच्यासाठी वेगळं मडकं बांधतात! आणि वर रोज शिव्या! फॉर्ममध्ये लिहिलं — उजवा कान फाटका.

२४ जानेवारी

घोळ झाला.

मी भाकरी थापत होते, फोन चुलीजवळ, आणि निधीने नमुन्याचा कागद पाठवला — कसा दिसेल ते कळावं म्हणून. एक कोल्हा, पुढून, मागून, बाजूने, हात पसरून उभा. आईने फोन उचलला.

"याला पोलिसांनी धरलाय काय?"

मला हसू आलं आणि हसता हसता सगळं बाहेर पडलं. स्लॉट, निधी, पावणा, अर्धी रक्कम भरली तेही. आई ऐकत होती. मग म्हणाली, "घरात हात नायत काय?"

मी म्हटलं, तसं नाही गं, हे वेगळं असतं. ती म्हणाली, "दुसरीच्या हातानं काढलेला तुझा कसा?" आणि मग मी बोलून गेले. तुझ्या चित्रात सगळे सारखेच दिसतात! कुणाला तोंडच नाही! मला एक हवाय, जो दुरून बघितला तरी कळेल की तोच!

आईने भाकरी उलटली. "तोंड," एवढंच म्हणाली. जेवली नाही.

जीभ तोडून टाकावीशी वाटते.

२५ जानेवारी

बोलत नाही. दादाशी बोलते, बाबांशी बोलते, कोंबड्यांशी पण बोलते!

२७ जानेवारी

दक्षाला म्हटलं, रद्द करते. ती भडकली. "गांडी थई छे? वेडी झालीस? बे वरस वाट बघितलीस!" मी म्हटलं, आई महत्त्वाची. ती म्हणाली, आई आहेच ना, ती कुठे चालली? तिचंही खरंच. पण तिच्या आईने हॉटेलाच्या भिंती रंगवलेल्या नाहीत, आणि दक्षा तिच्या आईला तोंडावर असं बोललेली नाही.

चार दिवस उरले. फॉर्मचे दोन रकाने अजून रिकामे. भीती, आणि सोबती.

३० जानेवारी, शुक्रवार

काल आणि आज वेवजीला. आईच्या मावसबहिणीकडे लग्न आहे, भिंतीवर लग्नाचा चौक काढायला आईला बोलावलं होतं. मला म्हणाली, "चल, पीठ भिजवायला." पाच दिवसांनी पहिलं वाक्य. मी रजा टाकून पळत निघाले. तलासरीला इको गाडी बदलली, दोघी शेजारी बसलो, गुडघ्याला गुडघा. मी गुजरातकडे जाणारे ट्रक मोजत बसले.

चौक सवाशिणी काढतात, मी वाटी धरायला. आई काडी बुडवत होती, रेघ ओढत होती. हात कसा चालतो तिचा! मी बघतच राहिले. तिला तसं कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. आई, तुझ्यासारखं कुणाला येत नाही. ती वर न बघता म्हणाली, "पातळ झालं, पीठ घाल."

घातलं. मग पुढची रेघ ओढता ओढता, तशीच भिंतीकडे तोंड करून —

"त्या तुझ्या मांजराचं कोन कोन हाय?"

माझा विश्वासच बसेना. मी म्हटलं, कुणी नाही. एकटाच आहे तो.

"मंग भांडतो कुणाशी?"

मी म्हटलं, बाबांशी. आई हसली. खरंच हसली, काडी हलली, एक माणूस जरा जाडा झाला. बाकीच्या बायका विचारायला लागल्या काय झालं, काय झालं. आई म्हणाली, "हिचा मांजर आमच्या म्हाताऱ्याशी भांडतो." मग काय, अख्खी भिंत होईपर्यंत पावण्याचीच चौकशी. खातो काय? निजतो कुठं? बायको करून देणार काय? निधीचा फॉर्म याच्यापुढे काहीच नाही.

निघताना आई म्हणाली, "दे पाठवून. उद्याची तारीख हाय ना?" तारीख लक्षात होती तिच्या!

३१ जानेवारी

पाठवला! सोबती: ताडावर चढणारा एक म्हातारा, ज्याच्याशी रोज भांडण होतं. भीती: एखाद्या दिवशी खालचं मडकं बांधलेलं नसेल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रफ आलं. पेन्सिलीचंच, रंग नाहीत अजून. दुकानात उघडलं आणि मला रडू आलं. गिऱ्हाइकासमोर! तो पावणाच आहे. झिंगलेले डोळे, एक ओठ जरा वर, जसा काही मी कुठे प्यायलो म्हणतोय. गर्दीत उभा केला तरी ओळखेन.

घरी दाखवलं. दादाने फोन हातात घेऊन बघितला, म्हणाला, "हात चांगला हाय तिचा." त्याच्याकडून हे म्हणजे फार झालं. बाबा मात्र ओरडले, "कान चुकलाय! उजवा सांगितला, हिनं डावा फाडलाय!" आई म्हणाली, "उजवाच हाय. तो आपल्याकडं तोंड करून उभा हाय." बाबांना पटेना. शेवटी त्यांना अंगणात माझ्यासमोर उभं केलं, डोक्यावर दोन्ही हातांचे कान करून, आणि मी त्यांचा उजवा कान धरला. शेजारची बारकी काकू हंडा घेऊन चालली होती, ती तिथेच थांबली. बाबांना अजून पटलेलं नाही.

पण आई फोन सोडेना. मोठं करून बघत होती. मग बोट ठेवलं, "मागचा पाय असा असंल तर हा ताडावर चढत नाय. पडंल." आणि लाव म्हणाली निधीला फोन!

लावला. मी मध्ये फोन धरून बसले. आई पायाचं सांगत होती, पंजा कसा वळतो, जोर कुठे जातो. निधी "हो काकू, हो काकू" करत लिहून घेत होती. मग आई म्हणाली, "बाय, तू कुणाकडं शिकलीस?" निधी म्हणाली, कुणाकडे नाही काकू, बघून बघून. आई म्हणाली, "मी पन तशीच."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, बोलून पाठवायचं असलं तर कुठं दाबायचं? दाखवलं. मला वाटलं पायाचंच काही राहिलं असेल.

१३ फेब्रुवारी

रंगवलेला आला! पाय सुधारलाय. रंग अगदी मनिष शेठने खाल्लेल्या चिकूचा. बाबांनी त्यांच्या फोनच्या स्क्रीनवर लावून घेतलाय. रोज सकाळच्या शिव्या खऱ्याला की ह्याला, विचारलं तर म्हणतात, "दोघांना."

१५ फेब्रुवारी, रविवार

आई विहिरीवर गेलीय. निधीचा मेसेज आला — "काकू, तुमची टिटवी ऐकली, पुढच्या महिन्याचा पहिला स्लॉट तुमचा."

कुठली टिटवी?

फोनमध्ये मागे जाऊन बघितलं. आईने माझ्याच फोनवरून बोलून पाठवलंय, चार मिनिटं. कमळी नावाची टिटवी. पाय पिवळे, एका पायात काळा दोरा, मान जरा वाकडी, रागावली की डोळे बारीक करते. "मी सात वरसांची होते तवापासून हाय ती. कुणाला सांगितली नाय. मी लय वेळा काढून बघितली, पन माझ्या हातानं काढली की बाकीच्यांसारखीच होते. तुझ्या हातातून तोंड येतं. तिला तोंड दे, बाय. आनि पोरीला सांगू नको. मला तिची लाज वाटते."

माझी!