ट्रेडमिल, हत्ती आणि लाल बटण

३ मार्च
नव्या ट्रेडमिलचं कंट्रोल बनवायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, जमलं तर विभागप्रमुख तूच. म्हणजे झालोच. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी जमू दे.

५ मार्च
मीटिंग. हार्डवेअरवाल्या बाईंचं म्हणणं, पट्ट्याचा वेग मोजायला वेगळं सर्किट हवं आणि लाल स्टॉप बटणाची वायर थेट मोटरला जावी. मला हसूच आलं. म्हटलं, सगळं सॉफ्टवेअरमध्ये, एकाच चिपवर बसवतो. वायर एकदा जोडली की जोडली; सॉफ्टवेअर केव्हाही बदलता येतं. साहेबांना पटलं. बाई म्हणाल्या, चिप एका वेळी एकच काम करते. मीही एका वेळी एकच करतो. काही अडलंय का?

१० मार्च
मोटर, मोजणी, बटण, स्क्रीन, सगळं चालू. चिप रिकामी बसल्यासारखी वाटते. म्हणून दुधात साखर: चालणाऱ्याच्या कौतुकासाठी स्क्रीनवर टाळ्या वाजवणारा हत्ती टाकला. झकास हत्ती.

१४ मार्च
किरकोळ अडचण. हत्ती टाळ्या वाजवत असताना चिपचं पट्ट्याचे फेरे मोजायचं राहून जातं. मग तिला वाटतं पट्टा मंदावला, आणि ती मोटर आणखी पळवते. चालणाऱ्याला व्यायाम जास्तच होतो, तोटा काहीच नाही. बायको म्हणाली, हत्ती काढ की. कलेतलं तिला काय कळतंय!

१७ मार्च, सकाळ
आज डेमो. साहेब स्वतः चालणार. नवा शर्ट घातलाय.

१७ मार्च, दुपार
साहेब चालले. हत्तीने टाळ्या वाजवल्या. साहेब धावू लागले. धावले म्हणून हत्तीने आणखी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी लाल बटण दाबलं, पण चिपच्या कामांच्या रांगेत ते हत्तीच्या मागे होतं. मी ओरडून सांगितलं की नोंद झालीय, जरा धीर धरा. शेवटी बाईंनी प्लग उपटला. साहेब खाली बसून माझ्याकडे बघत धापा टाकत होते. त्यांनी तब्येतीकडे लक्ष द्यायला हवं.

२० मार्च
बाई विभागप्रमुख. मोजणी सर्किटकडे, बटणाची वायर थेट मोटरला. माझ्याकडे टेस्टिंग. म्हणजे रोज पट्ट्यावर चालायचं. महत्त्वाचं काम विश्वासातल्या माणसालाच देतात.

२४ मार्च
चालता चालता लाल बटण दाबलं. पट्टा लगेच थांबला. पुन्हा चालू केला, पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला. सकाळभर हेच करत होतो. एकदाही चुकला नाही. रिपोर्टात ‘उत्तम’ लिहावं लागलं. फार वाईट वाटलं.