वैरागचा पत्ता मी सांगितला

मी, हिंदुराव नामदेव घाडगे, वय ६१, रेल्वेच्या लोको शेडमधील निवृत्त फिटर, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दमा बळावला आहे. एका गोष्टीची लाज त्याहून बळावली आहे, म्हणून मिळकतीबरोबर तीही लिहितो.

१. राहते घर माझ्या पश्चात पत्नी सौ. विजयमाला हिचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये.

२. घराची मागची, वेगळ्या दाराची खोली धाकटी बहीण बजाबाई, राहणार वैराग, हिला द्यावी. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. माझे पाने, हातोडे, कानशी शेडमधल्या नव्या फिटरांना वाटाव्यात. मल्लप्पा कलशेट्टीला द्याव्यात असे मनात होते. पण त्याने माझी वस्तू हातात धरावी, असे म्हणायला मला तोंड उरलेले नाही.

४. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. मल्लप्पा आमच्या शेडमधला पुढारी, वीस वर्षांचा माझा जोडीदार. पकड वॉरंट निघाले तेव्हा मीच त्याला म्हणालो, "वैरागला जा. बजाबाई एकटीच असते, कुणाला कळायचं न्हाय." संपाच्या सहाव्या दिवशी शेडच्या साहेबांनी मला बोलावले, बसायला खुर्ची दिली. संप सोडून कामावर येणाऱ्यांच्या मुलांना नोकरी मिळणार होती. साहेब म्हणाले, "मुलाचं नाव घालू का यादीत? मल्लप्पा कुठं आहे तेवढं सांगा." मी सांगितले. त्या साहेबांवर मी पुष्कळ दिवस राग धरला. तो राग इथे रद्द करतो. त्यांनी विचारले होते, सांगितले मी.

बजाबाई दळण आणायला गिरणीत गेली आणि पोलीस आले. मल्लप्पाला जेवत्या ताटावरून उठवले. साहजिकच त्याला वाटले, हिनेच खबर दिली. मल्लप्पाची नोकरी गेली, क्वार्टर गेले. तीन वर्षे त्याने मार्केट यार्डात पोती वाहिली, त्याच्या बायकोने, ईरम्मावहिनींनी, विड्या वळल्या. माझा मुलगा प्रल्हाद शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरचा मदतनीस, म्हणून लागला. त्याला यातले काही ठाऊक नाही, आता कळेल.

पत्ता ठाऊक असणारा तिसरा माणूस मीच, हे बजाबाईला त्याच दिवशी उमगले. तिने बोल सोसला, पण भावाचे नाव घेतले नाही. तेव्हापासून ती माझ्या दारात आलेली नाही.

१९७७ ला सरकार बदलले, काढलेल्यांना परत घेतले. मल्लप्पा पेढे घेऊन घरी आला. मला मिठी मारून म्हणाला, "हिंदुराव, घेतलं की परत! तुमच्या भैनीलाबी माफ केलं मी." मी पेढा खाल्ला. तेव्हाही बोललो नाही. पत्ता सांगितल्याची लाज एक, आणि ही दुसरी. दुसरी मोठी आहे.

५. हा कागद माझ्यामागे मल्लप्पाला वाचून दाखवावा, असे मी लिहिले होते. विजयमाला ऐकून म्हणाली, "मेल्यावर कशाला? अजून जिते हाय की तुमी." म्हणून परवा मी स्वतःच त्याच्याकडे गेलो आणि वाचला. त्याने एवढेच विचारले, "बजाबाईला कोण सांगणार?"

काल आम्ही दोघे एसटीने वैरागला आलो. तो माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसला. दारातच त्याने बजाबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, मला तुजी खोली नको. चार वर्सं गावानं मला चुगलखोर म्हटलं. गावाम्होरं वाच."

सबब कलम २ खोडले आहे व खाडाखोडीवर सही केली आहे. ती खोलीही विजयमालाची.

आज सकाळी चावडीसमोर, जमलेल्या लोकांपुढे हा कागद वाचला. कलम ४ मध्ये मला दम्याची धाप लागली. तेव्हा मल्लप्पाने कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचे सगळे मोठ्याने वाचले.

हेच माझे अखेरचे मृत्युपत्र. खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ : वैराग, ता. बार्शी
दिनांक : १९ नोव्हेंबर १९७८

(सही) हिंदुराव नामदेव घाडगे

साक्षीदार :
१. (सही) वीरभद्रप्पा गुरुलिंगप्पा हत्तुरे, शिक्षक, वैराग
२. (सही) मल्लप्पा शिवलिंगप्पा कलशेट्टी, फिटर, सोलापूर