तर्जनीचं बटण

रविवार, संध्याकाळ

दादा आत्ताच चाकणला परत गेला. अकरा डाव झाले, अकराही मीच जिंकलो. लहानपणी पिंपरीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हाच थोरला भाऊ मला सगळ्यांदेखत हरवायचा आणि म्हणायचा, "बारक्या, तू नुसता बघत बस." मी बघत बसलो. बघूनच शिकलो, कुणी शिकवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गेली. मी घरी कन्सोल घेतला तेव्हा तोच फोनवर म्हणाला, "मारामारीचा चांगला गेम तूच निवड, तुला बारकावे कळत्यात." आठवडाभर मी तीन गेम तपासले. दोन गेममध्ये नुसतं मागे सरकलं की वार अडतो. तिसऱ्यात वार अडवायला हातातल्या कंट्रोलरचं उजवीकडचं वरचं बटण दाबून धरावं लागतं. म्हणजे तर्जनीचं बटण. तिसराच घेतला.

दादा मधल्या बोटाने दाबायला जायचा, बोट निसटायचं आणि मार खायचा. वहिनी बघत होती, त्याच्या पोरी बघत होत्या. "हात म्हातारा झाला राव माझा," म्हणून हसला. मला वाईट वाटलं का? पहिल्या दोन डावांत थोडंसं. नंतर न्हाई.

निघताना म्हणाला, "ह्योच गेम मी बी घेतो. रोज सराव करतो, मग बघ." मी गेमचं नाव सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून दिलं. सेटिंगमध्ये जाऊन ते बटण डाव्या हाताला घेता येतं, हे मात्र सांगितलं नाही.