घुबडावरचा छेद

बाबा, आज तुमच्या त्या नाण्याबद्दल लिहायला बसलो आहे. अथेन्सचं चांदीचं नाणं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला टक लावून बघणारं घुबड, आणि घुबडाच्या अंगावरून गेलेला छिन्नीचा खोल छेद. तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात आणि घरी आल्यावर आम्हाला. तुम्हाला सुट्टी अशी नसायचीच. मला दिसतंय, आईची उलथनी, झारे, सांडशी असं सगळं लोखंड मुठीत धरून तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात. ग्रीकांकडे नाणी नव्हती तेव्हा लोखंडी सळया चालायच्या, मुठीत मावणाऱ्या सहा सळया म्हणजे एक द्राख्मा, आणि आपला ‘दाम’ तिथूनच आला, असं तुम्ही सांगताय. आई म्हणते, “ते दामबिम राहू द्या. आधी झारा द्या इकडे, पुरी करपतेय.”

तिच्या बोलण्यातल्या धारेचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते नाणं तुम्ही तिच्या पाटल्या मोडून घेतलं होतं. तिला विचारलं होतंत, पण तिला नाही म्हणता येणार नाही अशा तऱ्हेने. मामाने पहिल्याच दिवशी सांगितलं, “भाऊजी, चक्क फसवलंय तुम्हाला.” तुम्ही शांतपणे छेदावर बोट ठेवलंत. “अथेन्सची नाणी फार लांबवर जायची. आत तांबं तर नाही ना, हे बघायला परमुलखातल्या कुणीतरी तेव्हाच छिन्नी मारली. आतही चांदीच निघाली. याची परीक्षा होऊन गेलीय.” आईला ते कधीच पटलं नाही. लक्ष्मीपूजनाला ती घरातली सगळी चांदीची नाणी चौरंगावर मांडायची, हे एक सोडून. “घुबड पूजेत ठेवणार नाही, आणि खोटं घुबड तर नाहीच नाही.” तुम्ही जाईपर्यंत दर दिवाळीला हेच चाललं.

मी जपानला निघालो तेव्हा तिने ते माझ्या हातात ठेवलं. “तिकडे कुणी जाणकार असेल तर दाखव. मला एकदा काय ते कळू दे.” तेव्हा टोकियोतल्या फुनाबोरीत आमच्यासारखी कम्प्युटरवाल्यांची कुटुंबं एकामागून एक येत होती. माझं काम एका बँकेच्या सिस्टिमवर होतं. युरो येणार म्हणून जुनी चलनं बंद करायची होती, आणि द्राख्मा माझ्या वाट्याला आला. तो पुसायचा नव्हता. जुने व्यवहार वाचता यावेत म्हणून फक्त ‘बंद’ अशी खूण करायची होती. खूण करताना तुमची इतकी आठवण झाली की शेजारच्या जपानी सहकाऱ्याला मी सगळी हकीकत सांगितली. योकोहामात एक जुना नाणेविक्रेता आहे, तो म्हणाला, मी येतो बरोबर.

दिवाळीआधीच्या शनिवारी गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने नाणं मखमलीच्या तबकात ठेवायला लावलं आणि भिंगातून बराच वेळ बघितलं. मग तो सहकाऱ्याशी हळू आवाजात बोलला. सहकाऱ्याने माझ्याकडे न बघताच मला ते सांगितलं. छिन्नी मारली की कडा धारदार राहतात. इथे छेदाच्या कडाही गोलसर होत्या. कुणीतरी छेद असलेल्या खऱ्या नाण्यावरून साचा घेतला होता आणि छेदासकट हे ओतलं होतं. तुमचा पुरावाच नकली होता, बाबा. तो म्हातारा उठून कमरेत वाकला, माफी मागितली, जणू त्यानेच ते तुम्हाला विकलं होतं. परतीच्या गाडीत मला तुमचा भयंकर राग आला आणि रडूही आलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईला फोन लावला.

“दाखवलंस?”

“दाखवलं. खोटं आहे, आई.”

“नीट बघितलं ना त्यांनी?”

“अगदी नीट.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “खरं निघालं असतं तर ह्यांना जे जे बोलले ते सगळं परत घ्यावं लागलं असतं. आणि माफी मागायला ते आहेत कुठे आता?” मग ती रडली. तुम्ही गेलात तेव्हाही तिला असं रडताना मी ऐकलं नव्हतं. शेवटी नाक पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आज पूजेत ठेव ते. असू दे घुबड.”

आता आईही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, टाकणार तरी कुठे? पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवावीशी वाटत नाही. त्या संध्याकाळी फोन खाली ठेवला तेव्हा मला हायसं वाटलं. तुम्ही फसला होतात याचंच हायसं वाटलं, बाबा.