तुमच्या अक्षरांखाली केलेला बदल

दादा, तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम अजून चालतो आहे. जासईच्या यार्डात कुठला कंटेनर कुठल्या रांगेत ठेवायचा हे आजही तोच सांगतो, आणि तो लिहिणारा माणूस जाऊन अकरा वर्षं झाली हे तिथे कोणाच्या गावीही नाही. गेल्या महिन्यात तिथून मला फोन आला. आता आपल्या शेठचा मुलगा मालक आहे. सगळा जुना कोड त्याला गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या हल्लीच्या सोयीत, हलवायचा आहे, आणि ज्या भाषेत तो लिहिलाय ती स्मॉलटॉक येणारा माणूस पनवेल-उरणात शोधून सापडेना, तेव्हा कोणीतरी माझं नाव काढलं. मी हल्ली आठवड्याला एक तिरकस सदर लिहितो. नगरसेवकापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांची सालं काढतो. लोक मला निर्भीड म्हणतात. तुम्ही असता तर हा शब्द ऐकून तोंड फिरवून हसला असता, कारण समोर बसून हसायची तुम्हाला लाज वाटायची.

मी पहिल्यांदा तुमच्यासमोर बसलो तेव्हा माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती, खांदा कॉलनीतून येताना गळ्यात टाय असायचा, आणि तुम्ही बंडीवजा शर्टात, पायातल्या चपला टेबलाखाली सोडून बसलेले. गव्हाणचे, मिठागरवाल्या घरातले, जमीन गेली म्हणून यार्डात कारकून लागलेले. परदेशातून सिस्टीम बसवायला आलेला तो सल्लागार सहा महिने राहिला, आणि त्याला चहा नेऊन देता देता त्याच्या खांद्यावरून बघून तुम्ही सगळं उचललंत. तो गेल्यावर शेठच्या लक्षात आलं की प्रोग्रॅम चालवणारा कारकूनच आता तो लिहूही शकतो. कोडमध्ये नावं देताना तुम्ही कंटेनरला कंटेनर म्हणत नव्हता, 'डब्बा' म्हणायचा. रांगेला 'रांग'. रीफरला, म्हणजे वीज देऊन थंड ठेवायच्या कंटेनरला, 'गारडब्बा'. मी मनात हसलो होतो. मग तुमचा कोड वाचायला लागलो आणि हसू हळूहळू आटत गेलं, पण ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

एका दुपारी डबा खाता खाता तुम्ही मला समजावलेलं अजून कानात आहे. "हे बघ, आख्खा चालता प्रोग्रॅम या एका फायलीत हाय, ही इमेज. आन् ही शेजारची, चेंजेस. तू मेथड, म्हंजे प्रोग्रॅमचा येक तुकडा, बदललीस का तिची नवी कापी हिच्या बुडाला जाऊन बसते. जुनी तशीच जाग्यावर. काय पुसत नाय. आन् परतेक कापीवर कोनी बदलली त्याच्या नावाची अक्षरं, तारीक, टाइम." मग तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालात, "एक धेनात ठेव. अक्षरं इमेजमदी ऱ्हातात. दुसऱ्याची इमेज उगडून बसलास का तू तोच मानूस झालास. तुजं पाप त्याच्या नावावर." आम्ही तिघं प्रोग्रॅमर तुमच्या हाताखाली होतो, प्रत्येकाची इमेज वेगळी, आणि तुमच्या मशीनवर मुख्य इमेज, जिला आमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही असा नेम. शनिवारी जेवण झालं की आपापले बदल फ्लॉपीवर घेऊन तुमच्यापुढे यायचं. तुम्ही एकेक बदल वाचायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "का?" उत्तर आलं नाही की फ्लॉपी परत.

माझी एक फ्लॉपी तुम्ही सलग तीन शनिवार परत केलीत. तिसऱ्या वेळी मी चिडून म्हणालो, "दादा, तुमचा कोड गोंधळाचा आहे, मी फक्त साफ करतोय." तुम्ही अजिबात आवाज चढवला नाहीत. "साफ कर ना. पन आदी मागली वर्जनं उगडून वाच. वाकडं दिसतं त्येला कारन आसतं, रं. नाय सापडलं तर मला इचार. मी काय मेलेलो नाय." बाकीचे दोघे खिदळले. माझे कान तापले. खरं सांगायचं तर पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या खिदळण्यात आहे. शेठ, घाई, वरून आलेला दबाव, ही सगळी कारणं मी नंतर जमवली.

तुमच्या मुलीचा साखरपुडा शनिवारी होता. तुम्ही शुक्रवारीच सगळ्यांचे बदल आत घेतलेत, मुख्य इमेज सेव्ह केलीत आणि गेलात. शनिवारी बाराच्या सुमारास शेठ आत आले. बंदरात जहाज लागलं होतं, रीफर जास्त येणार होते, आणि प्रोग्रॅम सातव्या रांगेत एकही रीफर ठेवू देत नव्हता. "सातवी रांग रिकामी पडलीये आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो जागा नाही! दादांना फोन करू का मांडवात?" मी म्हणालो, "कशाला शेठ, मी बघतो." तुमच्या खुर्चीत बसलो. खुर्चीवर तुमची ती कापडाची उशी होती, ती मी बाजूला ठेवली. मेथड उघडली. मधोमध एक अट: रांग सातवी असेल तर गारडब्बा ठेवू नको. कारण लिहिलेलं नाही, काही नाही. मला ती अट तुमच्या अडाणीपणाचा पुरावा वाटली. मी ती काढली. हात लागलेलाच आहे म्हणून आख्खी मेथड माझ्या पद्धतीने, नीट इंग्रजी नावं देऊन पुन्हा लिहिली. जुनी वर्जनं बघायला दोन क्लिक लागतात. ते दोन क्लिक मी केले नाहीत.

केले असते तर तीन आवृत्त्या मागे तुमची ओळ दिसली असती: सातव्या रांगेचे प्लग खाऱ्या हवेने सडले आहेत, बोर्ड बदलेपर्यंत गारडब्बा नको. तुम्ही रोज सकाळी यार्डात चालत फेरी मारायचा, मी एसीतून बाहेर पडत नव्हतो. दोन रीफर सातव्या रांगेत गेले. प्लग लावले, दिवाही लागला, पण वीज अधूनमधून मिळत होती आणि शनिवार दुपार ते सोमवार सकाळ कोणी तिकडे फिरकलं नाही. आत उरणच्या कोळ्यांची कोळंबी होती, परदेशी जायची. सोमवारी दार उघडलं तेव्हा कंटेनर उचलणाऱ्या रीचस्टॅकरचा ड्रायव्हर तोंडाला रुमाल लावून पळाला.

शेठ तुमच्या मशीनपुढे उभे राहिले, मागे माल देणारा कोळी. तो ओरडत नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पोरांनी धरलेली व्हती हो, आमच्या पोरांनी." तुम्ही मेथडच्या आवृत्त्या उघडल्यात. सगळ्यात वर माझी होती, तुमच्या अक्षरांखाली. शेठने काचेवर बोट ठेवलं. "ही अक्षरं कोणाची, दादा?" तुम्ही स्क्रीनकडे पाहत राहिलात. 'डब्बा' नव्हता, 'रांग' नव्हती. एकही शब्द तुमचा नव्हता, आणि पलीकडे वेळ होती, शनिवार, दुपारी साडेबारा, जेव्हा तुम्ही गव्हाणच्या मांडवात व्याह्यांच्या शेजारी बसला होतात आणि शेठचा आहेर घेऊन गेलेला ड्रायव्हर तुमच्यासमोर जेवत होता. मी दाराजवळ उभा. तुम्ही मागे वळून एकदाच माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "माजीच हायत, शेठ." शेठना बदलावरची वेळ वाचायची सवय नव्हती, आणि 'मी बघतो' असं मीच म्हणालो होतो हे त्यांना आठवलं असलं तरी त्यांनी ते त्या कोळ्यासमोर आठवून घेतलं नाही. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. मग मिटलं.

तुम्हाला गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचे नंबर टिपायचे. तुमची खुर्ची मला मिळाली, आणि पहिल्याच दिवशी मी माझी अक्षरं त्या इमेजमध्ये घातली, फार काटेकोरपणे, आणि सातव्या रांगेची अट गुपचूप परत बसवली. तुम्ही गेटवरून कधी एक शब्द बोलला नाहीत. उलट माझी गाडी आत येताना हात वर करायचा. मला वाटायचं, ओरडा ना, दादा. एकदा तरी शिवी घाला.

दीडेक वर्षाने तुमच्या मुलीच्या बाळाच्या बारशाला मी गव्हाणला आलो. तुम्ही बाहेर पाहुण्यांत होता. तुमच्या घरच्या काकू मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली, आणि समोर बसून तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "तुमी तर तितंच व्हतात ना? मंग मला सांगा. साकरपुड्याच्या दिशी हे आख्खा येल इतंच व्हते. मंग यांच्या नावावर ते कसं लागलं? इचारलं तर बोलत नाय. म्हनतात, जाऊ दे." मी म्हणालो, "काकू, कॉम्प्युटरमध्ये असं होतं कधी कधी." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "हो का?" म्हणाल्या, आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली. ती मी संपवली. इतकं सोपं खोटं मी नंतर कधी बोललो नाही, आणि माझा धंदा शब्दांचा आहे.

बारशानंतरच्या सोमवारी ऑफिसात आल्या आल्या मी चेंजेसची फाइल आवळली. ती सोय आहेच: प्रत्येक मेथडची शेवटची आवृत्ती ठेवायची, मागचं सगळं टाकून द्यायचं. लॉगमध्ये कारण लिहिलं, डिस्कवर जागा कमी. जागा भरपूर होती. मला फक्त ती एक आवृत्ती नको होती, तिच्यावरची साडेबाराची वेळ नको होती. तिच्याबरोबर तुमची सगळी जुनी वर्जनं गेली, तुमच्या कारणांच्या ओळी गेल्या, सहा वर्षं तुम्ही एकेक करून उत्तर दिलेले सगळे 'का' गेले. तुम्ही दुसऱ्याच्या बदलावर आपलं नाव राहू दिलंत, आणि मी तुमच्या स्वतःच्या बदलांवरूनही ते काढून टाकलं.

तर गेला महिना. कोड हलवायचं काम एका तरुण मुलीकडे आहे, हुशार आहे, तुमच्यासारखीच 'का' विचारते. पहिल्याच दिवशी तिने मला नव्या लोकांच्या ट्रेनिंगला बसवलं. त्यात एक गोष्ट सांगतात, सगळ्यांना पाठ आहे: पूर्वी इथे एक दादा होते, त्यांनी न विचारता कोड बदलला आणि दोन कंटेनर कोळंबी सडवली, म्हणून आपल्याकडे कोणीही कोणाला दाखवल्याशिवाय बदल करत नाही. त्या नियमाला ते 'कोळंबीचा नियम' म्हणतात. खोली हसली. कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही तर होता ना तेव्हा? वास किती दिवस राहिला?" आणि मी, दादा, मी विनोद केला. म्हणालो, "कॉम्प्युटरला अजून येतो." सगळे पुन्हा हसले. तुम्ही वाचल्याशिवाय एकही बदल आत घेतला नाहीत, आणि तुमच्याकडेच बोट दाखवून पोरांना तुमचाच नियम शिकवतात, आणि टाळ्या मला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बाजूला घेऊन म्हटलं, "हिस्टरीत, जुन्या बदलांच्या नोंदीत, एक आवृत्ती घालायची आहे. माझ्या नावाने." ती म्हणाली, "फाइलमध्ये आहे का?" नाही म्हटलं. "मग सर, जे नाहीच ते मी कसं घालू? असं घालायला लागलो तर हिस्टरीला अर्थ काय राहिला?" बरोबरच होतं तिचं. कीबोर्ड माझ्याकडे सरकवत म्हणाली, "हवं तर मेथडमध्ये कॉमेंट लिहा." मग मी लिहिली. सातव्या रांगेची अट दादांची होती आणि ती योग्य होती. ती मी काढली, त्यांच्या गैरहजेरीत, त्यांच्या इमेजमधून. कोळंबी माझ्यामुळे सडली. खाली माझं पूर्ण नाव. तिने वाचलं. मग विचारलं, "घरच्यांना माहीत आहे त्यांच्या?" मी म्हटलं, काकूंना मी एकदा उत्तर दिलं होतं. कोणतं ते तिने विचारलं नाही.

परवा तिचा फोन आला. सातव्या रांगेचे बोर्ड केव्हाच बदललेत, त्यामुळे ती अट आता लागत नाही. पुढच्या आठवड्यात ती मुलगी ती अटच काढून टाकणार, कॉमेंटसकट. "पण काळजी करू नका सर, हिस्टरीत राहील. कोणी मुद्दाम शोधलं तर सापडेल." आणि मग, जरा चाचरत, "ट्रेनिंगमध्ये सांगू का मी खरं काय ते? तुम्ही हो म्हणालात तर सांगते."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. दोन दिवस झाले. काकू गव्हाणलाच आहेत, नंबर माझ्याकडे आहे, आणि मी मात्र जिथे उत्तर येणार नाही तिथे ही पानं भरतो आहे. कॉमेंट जाणार हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते तेवढं सांगतो, दादा. हायसं वाटलं.