जिन्याचा ठेका

३ तारीख, सोमवार

आले एकदाची. भाचा स्वतः स्टेशनवर आला आणि दोन्ही बॅगा त्यानेच उचलल्या. लहानपणी याला दप्तरसुद्धा जड व्हायचं. ताई, म्हणजे त्याची आई, गेल्या वर्षी जिन्यावरून पडून गेली, तेव्हापासून घरात तो एकटाच. मावशी, तू भाड्याच्या खोलीत भिंतींवर चिडतेस, त्यापेक्षा येऊन माझ्यावर चीड, म्हणाला. पटलं मला.

वरची, ताईचीच खोली दिलीय. टेबल, खुर्ची, परीटघडीची चादर. तक्रार एकच. कामाला शांतता हवी म्हणून याने घरातल्या झाडून साऱ्या खिडक्या स्पंज ठोकून बुजवल्यात. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय जिना दिसत नाही, आणि जिन्याचं बटण फक्त खाली, याच्या कामाच्या खोलीत. ही अक्कल कोणाची, विचारलं. म्हणाला, आईही हेच विचारायची.

५ तारीख, बुधवार

भाचा एका गुन्हेगारीपटाला संगीत देतोय. संगीत हा त्याचा शब्द. कॉन्व्हेंटात नन्सनी बोटांवर पट्ट्या मारून माझे कान घडवले, पुढे मी जन्मभर शाळेत पियानो शिकवला. त्यामुळे मला विचाराल तर हे नुसतं धप् धप् आहे. नाचघरात वाजतं तसलं, पण काळंकुट्ट. पाठलागापासून खुनापर्यंत दिग्दर्शकाला म्हणे हेच हवंय. मी म्हटलं, मग मानधन वॉशिंग मशीनला द्या, चादरी टाकल्या की तेही असंच नाचतं.

त्याची पद्धत मात्र गमतीची. वाद्य एकही नाही. घरभर बारीक माइक चिकटवलेत. फ्रिजची घरघर, कपाटाचे खण, पायऱ्या, सगळं घरातूनच उचलतो. एक बटण फिरवलं की आवाज रबरासारखा ताणला जातो, उलटं फिरवलं की पूर्ववत. माझ्या सपाता त्याने पाठलागात घातल्या. या वयात सिनेमात गेले, तेही पायांनी.

८ तारीख, शनिवार

पहिल्या खुनाचा तुकडा ऐकवला. तळाशी एक लांब, जाड सूर, विहिरीतून आल्यासारखा. वर टिक्, मग धप्, धप्. मी चूक दाखवली. टिक् धपाबरोबर पडायला हवं, ते आधीच येतंय; असं वाजवणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करायचे. तो हसला नाही. म्हणाला, ते आधीच झालं होतं, मावशी.

कलाकारांशी कोण वाद घालणार.

११ तारीख, मंगळवार

दिग्दर्शक येऊन गेला. घरातही गॉगल. पहिला खून डोळे मिटून ऐकला, निदान मिटले असावेत. शेवटच्या खुनात मात्र जीव नाही म्हणाला. जुनंच फिरवून चालणार नाही, ताजं काहीतरी आण. आणतो, भाचा म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलत होते.

संध्याकाळी त्याने मला नव्या सपाता आणून दिल्या. तळ काचेसारखा गुळगुळीत. जुन्या कुठे गेल्या, ते त्याला माहीत नाही म्हणे.

१३ तारीख, गुरुवार

तो बाहेर गेला होता. कप शोधायला त्याच्या खोलीत गेले, यंत्र चालूच. त्या जाड सुरात काहीतरी ओळखीचं होतं, शनिवारपासून छळत होतं. बटण उलटं फिरवलं. सूर आक्रसला आणि बाईचा आवाज झाला. ताईचा.

मग सगळंच ऐकलं. ताईची काठी, पायरीवर. टिक्. जिन्याच्या दिव्याचं बटण. ताई विचारते, राजा, दिवा का मालवलास? मग धप्. धप्. मग काही नाही. कोणी धावलं नाही. शेवटी फक्त एक खुर्ची करकरते — माणूस नीट ऐकायला पुढे झुकतो तशी.

ती पडली तेव्हा मी घरात नव्हतो, असं त्याने आम्हा सगळ्यांना सांगितलंय.

१३, संध्याकाळ

माझा फोन सापडत नाही. दुरुस्तीला दिला म्हणतो. बिघडला कधी? बाहेरच्या दाराला कुलूप. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं — मावशी, बटण तू फिरवलंस का? नाही म्हटलं. माझं मलाच बेसूर वाटलं.

१४ तारीख

खाली उतरत नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलंय. तो खालून बोलावतोय, मावशी, चहा झालाय, ये. काय गोड आवाज. जिन्यात दिवा आहे. मी मधल्या पायरीवर पोचेपर्यंत असेल.

सपाता काढल्या. नन्सनी मौन शिकवलंय, ते आता उपयोगी पडेल. त्याला आवाज हवाय, मिळणार नाही. उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येते. खिडकीचा स्पंज उचकटते आहे, नखांनी. गाडी दिसली की ओरडेन. तोवर —

१४, नंतर

खाली ठेका सुरू झालाय. त्यात एक नवी खरखर. खर्र — खर्र —

माझं पेन.

टेबलाखाली हात घातला. माइक आहे.

लिहिलं की वाजते. थांबले की थांबते. म्हणजे तो खाली बसून ऐकतोय. मी लिहीन तोवर तो खुर्चीत. ठीक. लिहिते. काहीही. बे एके बे — बे दुणे चार — बे त्रिक सहा —

बोटं वळली — जरा थांबले —

खरखर थांबली नाही.

मी थांबले होते आणि ती — म्हणजे आधीचंच लावून ठेवलंय. खाली कोणी नाही. मग तो —

माझ्या मागे — श्वास — कोणीतरी पुढे झुक