दुकानातल्या कॉम्प्युटरचं बारसं मोडल्याबद्दल

तीर्थरूप दादास, जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून नमस्कार.

तुझी तब्येत ठणठणीत आहे, हे माझ्या डोक्यावर दाणदाण वाजणाऱ्या पावलांवरून कळतं. माझी विचारू नकोस. तुझ्याशी बोलणार नाही असं मीच तावातावाने जाहीर केल्यामुळे हे पत्र वहिनीच्या हाती वर पाठवतोय.

एका गिऱ्हाइकाच्या गालावरचा तीळ फोटोतून पुसावा की ठेवावा, एवढ्यावरून तू स्टुडिओ सोडून वर जाऊन बसलास. (मी म्हटलं, पुसू, माणूस देखणा दिसेल. तू म्हणालास, पुसलास तर ओळखू येणार नाही. असो, तू गेल्यावर मी पुसून, छापून देऊनही टाकला.) रागाने उठलास तेव्हा कॉम्प्युटरवरची तुझी ती काळी खिडकी तुझा पासवर्ड घातलेल्या अवस्थेत उघडीच राहिली होती, ती रे, जिच्यात माऊस चालत नाही, नुसतं टाइप करून हुकूम सोडायचे. मला आयतीच संधी! दुकानातली बाकीची यंत्रं या कॉम्प्युटरला 'थोरला' म्हणून ओळखतात, नाव तूच ठेवलेलं. म्हटलं, दुकान आता मी चालवतोय, तर 'धाकटा' हवं. एक ओळ टाइप केली, एंटर मारलं, बंद करून चालू केला. झाला 'धाकटा'. मी ऐटीत चहा मागवला.

चहा येईपर्यंत प्रिंटर हटून बसला होता. 'थोरला सापडत नाही. वाट पाहत आहे.' काउंटरवरच्या कॉम्प्युटरचंही तेच रडगाणं. वायरी काढल्या, लावल्या, फुंकर मारली, प्रिंटरला गोंजारलं, मग शिव्या घातल्या. ढिम्म! इकडे शाळेच्या बाई वर्गाचे फोटो न्यायला येऊन बसल्यात, दुपारी मुलांना वाटायचेत. फोटो मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी शाळेचं काम विसरा, म्हणाल्या. शिवाय पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचून विचारतात, "थोरले गेले कुठे?" काय सांगू, कपाळ? थकलो रे दादा. आपल्याच दुकानात उपरा झालोय.

शेवटी म्हटलं, चुलीत जावो हा धाकटा, जुनंच नाव परत ठेवू. तर आता ती काळी खिडकी पासवर्ड मागते.

तुझा (सध्या अबोला धरलेला)
भाऊ

ता. क. पासवर्ड तेवढा चिठ्ठीवर लिहून वहिनीकडे दे. भांडण आहे तसं चालू राहू दे, माझी हरकत नाही.

ता. क. चिठ्ठी नको. तूच खाली येऊन घाल. तुझाही चहा सांगितलाय.

ता. क. तीळवाले गृहस्थ आत्ताच आले. पासपोर्टच्या कचेरीत त्यांचा फोटो नाकारला, हा माणूस तुम्ही नव्हेच म्हणे. बाईंच्या शेजारी बसलेत. ये, पण जिन्यात हसू नकोस, खाली ऐकू येतं.